श्रावणात वेंगुर्ल्याला गेलो आणि किनारा जागेवर नव्हता

"श्रावणात कोण समुद्राला जातंय गं?" हा प्रश्न निघायच्या आधी मला ज्यानं त्यानं विचारला. ऑफिसात विचारला, शेजारच्या आक्कांनी विचारला, गाडीत हवा भरणाऱ्यानंसुद्धा विचारला. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आम्हा बेळगावकरांचं समुद्राचं वेळापत्रक ठरलेलं असतं. दिवाळी, नाताळ, नाहीतर पोरांच्या परीक्षा झाल्या की मे महिना. टेम्पो ठरवायचा, मागं गॅसची शेगडी आणि भाताचं पातेलं टाकायचं, चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला नाहीतर आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याला उतरायचं, पाण्यात डुंबायचं, मासे खायचे आणि नाकाची सालपटं काढत परत यायचं. पावसाळ्यात आम्ही फार तर आंबोलीपर्यंत जातो. धबधब्याखाली भिजतो, कणीस खातो, मागं फिरतो. घाटाच्या खाली त्या दिवसांत काय चाललेलं असतं हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

मी गेले ती वहिनीमुळं.

थोडं मागचं सांगायला हवं. माझा थोरला भाऊ, अण्णा, इथं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. पंचवीसेक वर्षं झाली. लोखंडाचं ओतकाम करतात त्याचे साचे वाळूचे असतात, आणि ते साचे करण्यात अण्णाचा हात धरणारा कुणी नाही असं त्याचे मित्र सांगतात. पण ती वाळू बारीक धूळ होऊन नाकातोंडात जाते. गेल्या वर्षापासून अण्णा वर माझ्याकडं यायला जिना चढताना मध्येच थांबायला लागला. कठडा धरून उभा राहायचा आणि आपण काहीतरी आठवतोय असा आव आणायचा. शेवटी वहिनीनं ओढून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आत गेलेली धूळ बाहेर येणार नाही, पण काम सोडलंत तर आणखी जायची तरी थांबेल, आणि जितकं लवकर सोडाल तितकं बरं.

अण्णा म्हणाला, "सोडतो की. हातात दुसरं काय तरी येऊ दे आधी."

हे 'दुसरं काय तरी' त्याला जानेवारीत सापडलं. मित्रांबरोबर वेंगुर्ल्याकडं गेलता. तिथं एका काकींच्या घराशेजारी चार खोल्या होत्या, पाहुण्यांना द्यायच्या. काकींना आता होत नाही, म्हणून कुणाला तरी चालवायला द्यायच्या होत्या. अण्णा परत आला तो पार खुळा होऊनच. जेवताना तेच, झोपताना तेच. मागं सुरूची झाडं, त्यातनं दोन-तीन पायऱ्या उतरलं की वाळू, आणि वाळू ही एवढी, आपल्या कडोलीच्या रानाएवढी! फोनमधला फोटो त्यानं मला इतक्यांदा दाखवला की त्यातला कुत्रासुद्धा ओळखीचा झाला.

वहिनी निपाणीकडची. तिच्या माहेरी तंबाखूचं रान आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पावसाळ्यात बघूया."

तिच्या माहेरची ही रीतच आहे. रान विकत घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात बघायला जायचं नाही. उन्हाळ्यात सगळीच रानं चांगली दिसतात. आषाढ-श्रावणात जायचं, छत्री घेऊन बांधावर उभं राहायचं, पाणी कुठं तुंबतंय, माती कुठनं वाहून जातीय, बांध कुठं फुटतोय ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच बोलणी. तिच्या वडिलांनी तसंच रान घेतलं, आणि मुलगी देतानाही आमच्या घरी ते भर पावसातच आलते. आमच्या परड्यातला चिखल बघून गेलते म्हणे.

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर जातोय की कामाला," अण्णा म्हणाला. वहिनीचं तोंड उतरलं. म्हणजे जानेवारीपासून श्रावणापर्यंत अण्णा रोज धुळीत, आणि अण्णाची सगळी मदार त्या चार खोल्यांवर. खोल्या मिळाल्या तर फाउंड्री सुटणार, नाही मिळाल्या तर नाही. आम्ही गेलो ते हे ठरवायला. मी गाडी माझी म्हणून गेले, आणि खरं सांगायचं तर चौकस म्हणूनही.

निघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. शनिवार-रविवार टाळा, कारण आंबोलीत पाऊस कमी आणि माणसं जास्त असतात. आणि पेट्रोल बेळगावातच भरा. हिंडलगा, मग बाची, आणि शिनोळी आली की हद्द संपते. पाट्यांवरची कानडी अक्षरं गेली की महाराष्ट्र लागला, बाकी काही बदलत नाही, खड्डे दोन्हीकडं सारखेच. पाटणे फाट्यावर चहा बरा मिळतो. तिथून पुढं भाताची रोपं, काजूची झाडं आणि मधूनच समोरचं सगळं गिळून टाकणारं धुकं. आंबोलीच्या अलीकडं मी ताशी वीसनं चालवत होते आणि वहिनी मागनं "सावकाश गं, सावकाश" म्हणत होती. आणखी सावकाश म्हणजे उतरून ढकलायचीच पाळी होती.

आंबोलीला आम्ही गरम भजी घेतली. मी सहज म्हटलं, "आता खाली उतरलं की सुरमई."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. "शुभे, श्रावण हाय."

अरे देवा! मी खोली स्वस्त म्हणून आनंदात होते, रजा मिळाली म्हणून आनंदात होते, पण महिना कुठला हे डोक्यातच नव्हतं. वहिनी श्रावण कडक पाळते. आणि ती पाळते तेव्हा तिच्याबरोबर गाडीत असलेले सगळे पाळतात. अण्णानं माझ्याकडं बघून गुपचूप हात जोडले. तेव्हा वाचकहो, बेळगावच्या बाजूचे असाल आणि स्वस्तात समुद्र बघायला श्रावणात निघणार असाल, तर पंचांग बघून निघा. समुद्र मिळेल, सुरमई मिळणार नाही.

घाट उतरला की हवा एकदम बदलते. वर स्वेटर घालावा वाटत होता, खाली आल्यावर चष्म्यावर वाफ धरली आणि मानेला घाम. सावंतवाडीत तळ्याकाठी पाच मिनिटं थांबलो, तेवढ्यात एक सर येऊन गेली, ऊन पडलं आणि दुसरी सर आली. बेळगावचा पाऊस झिमझिम करत दिवसभर रेंगाळतो. इथला पाऊस अंगावर धावून येतो आणि काम आटोपून जातो. छत्री उघडायला वेळ मिळत नाही आणि मिटायलाही. दुपारी काकींच्या घरी पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, काकींनी तसं सांगितलंय. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आत वळायचं, एवढं पुरे.

काकी साठीच्या, बारीक, चटपटीत. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. "येवा, येवा. भिजलात मगे?" म्हणत त्यांनी आधी हातात टॉवेल दिला. हे मला फार आवडलं. खोल्या स्वच्छ होत्या, पण गादीला हात लावला तर ओलसर. नाताळात अठराशे घेतात त्या खोलीचे आत्ता सातशे, आणि जेवण वेगळं. आणखी एक सांगून ठेवते. ह्या दिवसांत जाणार असाल तर टॉवेल दुप्पट न्या, कारण आपण घरी परत येईपर्यंत एकही वाळत नाही.

समुद्र दिसायच्या आधी ऐकू येत होता. जानेवारीच्या फोटोत जो निळा, आळसावलेला समुद्र होता त्याचा हा आवाज असेल यावर माझा विश्वास बसेना. अण्णानं चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि "चला दावतो" म्हणत वहिनीला पुढं घातलं. घराच्या मागं, सुरूच्या झाडांतून, पायऱ्यांपर्यंत.

वाळू नव्हती.

थोडी कमी वगैरे नाही. नव्हतीच. फोटोत दोन-तीन पायऱ्या उतरल्या की जो लांबलचक किनारा सुरू होत होता, तिथं आता जांभ्या दगडाच्या पायऱ्या खाली-खाली उतरत गेल्या होत्या, शेवाळानं हिरव्यागार झालेल्या, आणि खालच्या पायऱ्यांवर मातकट पाणी आपटत होतं. एका सुरूच्या झाडाची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. अण्णा पहिल्या पायरीवर उभा होता. "इथं हुती," एवढंच तो म्हणाला. "आगं, इथंच हुती."

वहिनीनं छत्री मानेत धरली, पदर खोचला आणि अगदी बांधावर उभी राहून बघावं तसं बघितलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, त्या उघड्या मुळांकडं बघितलं. मग म्हणाली, "हे रान तुटलंय. तुटलेलं रान कुणी घेत न्हाय."

"सुरेखा, हे रान न्हवं, समुद्र हाय."

"माती वाहून गेली ती गेली. आमच्यात वढ्याकाठचं रान असंच गेलं. चाळीस वर्षं झाली, परत आलं काय? पुढच्या वर्षाला हे घरबी जाईल."

अण्णाचा चेहरा बघवत नव्हता. सात-आठ महिने ज्याच्या जिवावर तो रोज पहाटे उठून धुळीत जात होता ते पायाखालनं वाहून गेलं होतं, शब्दशः.

काकी मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. "अवो, ह्यां दरवर्षाचा आसा. पावसात रेव भायर जाता. दिवाळेक येवा, हयसून थंयसर रेवच रेव." रेव म्हणजे वाळू.

"कुठं जाते बाहेर?" मी विचारलं. मला हे कळायलाच हवं होतं.

"ता माका काय ठावक? जाता आणि येता. दर्यो व्हरता, दर्योच हाडता." समुद्रच नेतो, समुद्रच आणतो.

खोलीत आल्यावर वहिनी हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईला खोल्या द्यायच्यात. ती दुसरं काय सांगंल?" तिचंही खरंच होतं. कुणीही तेच सांगितलं असतं.

रात्रीच्या जेवणाला काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, भात आणि सोलकढी. सुरमईचं दुःख मी दुसऱ्या वाढीला विसरले. काकीही श्रावण पाळणाऱ्या निघाल्या, त्यामुळं वहिनीचं आणि त्यांचं लगेच जमलं. वहिनीनं डब्यातली शेंगाची चटणी काढली, काकींनी आमसुलं दिली. गप्पांत कळलं की पावसाचे हे दिवस इथं दर्या बंद असतो. होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मगच होडी पाण्यात. काही जण सरकारी बंदी उठली की जातात, पण ह्या वाडीतले जुने लोक नारळ दिल्याशिवाय जात नाहीत.

वहिनीला हे काही झेपेना. "म्हंजे एवढे दिवस काम बंद? मग माणसं करतात काय?"

"जाळी शिवतत. शेत करतत. न्हिजतत," काकी हसल्या. न्हिजतत म्हणजे झोपतात. "माशांका पोरां होयत तवसर जावंचा कसां? आणि दर्यो खवळललो. गेलो तो पाठी येयत ह्याचो भरवसो नाय."

"आमच्यात न्हाय बाई असं. आमच्या ह्यांनी ताप असतानाबी सुट्टी काढली न्हाय." वहिनीच्या बोलण्यात एरवी ह्या गोष्टीचा अभिमान असतो. त्या दिवशी तो तिला मध्येच सोडून गेला असावा, कारण वाक्य संपता-संपता तिचा आवाज खाली आला. अण्णा ताटात बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलो. बघण्यासारखं आहे, जरूर जा, पण पाण्यात उतरायचा विचारसुद्धा करू नका. लाल बावटे लावलेले असतात ते शोभेसाठी नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा समुद्र फक्त बघायचा. पोहायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवाही छान असते. ऑक्टोबरात उकडतं, मार्चनंतर घामानं जीव नकोसा होतो, मे महिन्यात तर आपण का आलो असं वाटायला लागतं, तरीही आपण मे महिन्यातच जातो. बंदरावर शुकशुकाट होता. होड्या रांगेनं वर ओढलेल्या, त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांचं विणलेलं छप्पर. एका होडीच्या आडोशाला एक गडी मांडीवर जाळं घेऊन बसला होता. नाव बाबी. मी गेले आणि सरळ विचारलं, "पावसात वाळू कुठं जाते?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग समुद्राकडं बोट केलं. "थंय लाट फुटता ती दिसता?" काठापासून बरीच आत, जिथं पाणी खोल असायला हवं, तिथं लाटांची एक पांढरी रेघ फुटत होती. "खोल पाण्यात लाट फुटत नाय. थंय रेव बसली हा. पाऊस गेलो की ल्हान लाटो ती परत काठाक ढकलतत." मग जाळ्याला एक गाठ मारून म्हणाला, "आसां आमचे म्हातारे सांगत. मी काय बुडान बगूक नाय."

मला ते ऐकून इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. म्हणजे मोठ्या लाटा ओढून नेतात आणि लहान लाटा परत आणतात! पांढऱ्या रेघेकडं मी बघतच बसले. एवढी सगळी वाळू तिथं पाण्याखाली दबा धरून बसलीय आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही. वहिनीला हाक मारून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आम्ही कुणाकडं उतरलोय ते बाबीला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही त्या काकींचे कोण?"

"माजी मावशी ती."

वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी टाळी वाजवल्याचा मला पश्चात्ताप झाला.

दुपारी ओहोटी सरत आली आणि पाऊसही उघडला. पायऱ्यांच्या खाली थोडी ओली वाळू दिसायला लागली. मी आणि वहिनी वर बसून शेंगा खात होतो. अण्णा सांगून न सांगितल्यासारखं करून खाली उतरला. "शेवाळ हाय, पडशीला!" म्हणून वहिनी ओरडली, पण तो ऐकतोय कशाला. खाली जाऊन त्यानं आधी मूठभर वाळू उचलली, घट्ट दाबली आणि मूठ उघडून बोटांचे ठसे धरलेत का बघितलं. फाउंड्रीत साच्याची वाळू जमलीय का बघायला रोज सकाळी तो हेच करतो. सुट्टीतसुद्धा हात ऐकत नाही बघा. वाळू सांडली आणि तो पायऱ्या बघायला लागला. वाकून, हात फिरवून, सांध्यात नख घालून. बराच वेळ.

"सुरेखा, एक सांग," खालनं त्यानं विचारलं. "वाळूच्या आत पायऱ्या कोण बांधतंय?"

"म्हंजे?"

"म्या आलतो तवा वरच्या दोन-तीनच दिसत हुत्या. बाकीच्या वाळूत गाडलेल्या. ह्या बघ, पार खालपतूर नीट चिरे बसवल्यात, मागनं टाकलेल्या न्हाईत. एकदमच बांधल्यात. वाळू कायम वरपतूर असती तर वरच्या तीन बांधून माणूस गप बसला असता. खालच्या कशापायी?"

मी शेंगा खाली ठेवल्या. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कालपासून मी त्या पायऱ्यांकडं बघत होते आणि फक्त हिरवं शेवाळ बघत होते.

वहिनी उठून कठड्यापाशी गेली. खूप वेळ बघितलं तिनं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ज्यानं बांधल्यात त्यानं पावसाळ्यात येऊन बघितलेलं दिसतंय."

"व्हय! तेच म्हणालोय!" अण्णा खालनं ओरडला. "तुझ्या बाबांगत! म्हंजे वाळू तवाबी जात-येत हुती!"

आणि वहिनी हसली, अगदी तोंडभर. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, जिंकलं अण्णानं. सुटली ती फाउंड्री.

तेवढ्यात भरतीचं पाणी पायऱ्यांशी आलं आणि अण्णा वर यायला निघाला. आनंदात होता म्हणून भराभर चढायला लागला. चार-पाच पायऱ्या चढला आणि थांबला. हात गुडघ्यावर. वर बघून हसायचा प्रयत्न केला, पण हसायलाही श्वास लागतो. मग तो त्या ओल्या, हिरव्या पायरीवर बसलाच. खांदे वरखाली होत होते. एक लाट आली आणि त्याच्या पायांवरनं गेली, तरी त्याला उठता येईना. मी धावले. वहिनी माझ्या आधी पोचली होती. शेवाळाबद्दल ओरडणारी बाई अनवाणी त्या पायऱ्या कशी उतरली हे तिलाही सांगता येणार नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिले. समुद्राच्या आवाजातही मला अण्णाच्या छातीची घरघर ऐकू येत होती, आणि मला, खरं सांगते, खूप भीती वाटली.

त्यानंतर वहिनीनं एकदाही समुद्राकडं बघितलं नाही. संध्याकाळी काकींनी विचारलं, "मगे? काय ठरलां?" वहिनी म्हणाली, "सांगतो काकी, घरी जाऊन." काकींनी आग्रह केला नाही. सकाळी निघताना त्यांनी अण्णाच्या हातात आमसुलं आणि गरम घावणे बांधून दिले, मी त्यांना बेळगावची मिठाई म्हणून कुंदा दिला. परतीच्या वाटेवर पाऊस होता, घाटात धुकं होतं. अण्णा मध्ये-मध्ये खोल्यांचे बेत सांगत होता. पडदे बदलायचे, समोर बाकडी टाकायची. "आता ह्या दिवाळीपतूर कळ काढायची, मग राजीनामा," असं तो दोनदा म्हणाला. आरशात मला वहिनी दिसत होती. ती खिडकीच्या काचेकडं बघत होती.

प्रवासात काय मिळालं हे लिहायची पद्धत आहे, तर लिहिते. मला तरी घाटाखालचा पावसाळा मिळाला. समुद्र वर्षभर एकसारखा नसतो, किनारा दर पावसाळ्यात गाव सोडून जातो आणि कुणी त्याच्या नावानं रडत नाही, हे मी चाळिशीला आल्यावर शिकले. श्रावणात जा, नक्की जा. पोहायला नको, बघायला जा. तिघांचा दोन रात्रींचा खर्च पेट्रोलसकट पाच हजारांच्या आतच झाला.

पण माझ्याजवळ जे राहिलं ते समुद्रावरचं नाही, पिरनवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरातलं आहे.

सोमवारी सकाळी मी खाली दूध आणायला गेले होते. मी वरच्या मजल्यावर राहते, अण्णा खाली. अण्णा आंघोळ करून, कामाचे कपडे घालून तयार. बूट घातलेले. ओट्याशी येऊन त्यानं सवयीनं हात पुढं केला. वहिनी पाटावर बसून चहा पीत होती.

"डबा?"

"भरला न्हाय."

"का गं? बरं वाटंना काय?"

"मला काय धाड भरल्या. तुम्ही जायचं न्हाय आजपासनं."

अण्णा हसला. "खुळी हाईस काय? दिवाळीपतूर म्हटलंय न्हवं? खोल्या हातात येऊ देत, मग..."

"खोल्यांचं दिवाळीत बघू. वाळू परत आल्याली मी माझ्या डोळ्यानं बघणार, मगच बोलणी. न्हाय आली तर दुसरं काय तरी बघू. शिवणाचं मशीन हाय माझं. उपाशी मरत न्हाय आपण."

"अगं पर दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न..."

वहिनीनं कप खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अजिबात हलला नाही.

"वाळू गेली तर परत येतीया. पटलं मला. कुणीबी सांगितलं तरी पटलं नसतं, तुम्ही दावलं म्हणून पटलं. पर तुमच्या छातीत जे गेलं ते भाईर येत न्हाय, डॉक्टर तोंडावर बोललाय. त्या पायरीवर तुम्ही बसलासा तवा मला समुद्र दिसंना का खोल्या दिसंनात. मी एकटी त्या समुद्राकडं बघत बसू काय?"

मी दारात दुधाचं पातेलं घेऊन उभी होते. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णानं डब्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. मग खाली वाकला. वाकतानाही त्याला दम लागला. मी मदतीला पुढं होणार तोवर वहिनी पाटावरनं उठली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.